कीवर्ड म्हणजे काय, आणि तो निवडतं कोण?

गेल्या वर्षी रमजानच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. कोंढव्यातल्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारी पाचवीतली मुलगी वही घेऊन आली. शाळेत 'रमजान ईद' या विषयावर पंधरा ओळींचा निबंध लिहून आणायला सांगितला होता. निबंध तयारच होता. आईने मोबाइलवर शोधून दिला होता आणि हिने तो सुबक अक्षरात उतरवून काढला होता. "काका, बरोबर आहे का तेवढं बघता?" इतकंच तिचं म्हणणं.

मी वाचू लागलो. पहिल्या चार ओळी ठीक होत्या. पाचव्या ओळीत रमजान ईदला बकऱ्याची कुर्बानी देतात असं होतं. त्यापुढे रोजा म्हणजे दिवसभर फक्त फळं आणि पाणी घेऊन केलेला उपवास. मग हजरत इब्राहिम यांची गोष्ट आली, जी बकरी ईदची आहे. शेवटी शीरखुर्मा. म्हणजे दोन्ही ईद एकत्र, आणि वर थोडी एकादशी.

चूक मुलीची नव्हती, तिच्या आईचीही नव्हती. त्यांनी 'रमजान ईद निबंध मराठी' असं टाइप केलं आणि जे पहिलं आलं ते उघडलं. 'माझा आवडता पक्षी'पासून 'पावसाळ्यातील एक दिवस'पर्यंत सगळं एकाच साच्यातून काढणारी ती वेबसाइट होती. लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी कोणाच्या घरी ईदला पाऊल ठेवलं असेल असं वाटत नव्हतं. पण पहिल्या पानावर तो होता.

माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. ईदवर मी या ब्लॉगवर दर वर्षी लिहितो. फितरा नमाजच्या आधी का द्यायचा, चांद दिसल्याची बातमी येईपर्यंत घराघरांत काय गोंधळ असतो, शेवया कोण भाजतं, सगळं लिहून झालं आहे. त्या रात्री मी मुलीच्या आईने टाइप केलेलेच शब्द टाइप करून माझे लेख शोधले. पहिल्या पानावर नाहीत, दुसऱ्यावर नाहीत. सहाव्या पानावर मी नाद सोडला.

माझा भाचा याच धंद्यात आहे. विमाननगरच्या एका कंपनीसाठी तो दिवसभर कोणत्या शब्दावर कोणती वेबसाइट वर येते हे बघत असतो. ईदच्या दिवशी जेवायला आला तेव्हा त्याला हे सांगितलं. त्याने माझ्या लेखांची शीर्षकं वाचली आणि हसू दाबत म्हणाला, "मामू, 'उंबऱ्यावरचा चांद' असं कोण शोधणार? ज्याला तुमचा लेख आधीच माहीत आहे तोच!"

त्याचं म्हणणं खरं होतं. तो लेख ईदवर आहे, पण त्यात 'रमजान ईद' हे दोन शब्द शेजारी शेजारी एकदाही आलेले नाहीत. मला ते लिहायची गरजच वाटली नव्हती, कारण मी आपल्या माणसांसाठी लिहीत होतो. ज्याला ईद म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्याला ईदची गंमत सांगत होतो. ज्याला ठाऊक नाही, तो निबंधाच्या वेबसाइटवर जातो.

कीवर्ड म्हणजे शेवटी एवढंच. माणूस शोधताना जो शब्द टाइप करतो तो. लिहिणाऱ्याने तोच शब्द शीर्षकात, पहिल्या दोन-तीन वाक्यांत, एखाद्या उपशीर्षकात आणि जमलं तर पानाच्या पत्त्यात सहजपणे घातला, तर विचारणारा आणि सांगणारा यांची गाठ पडते. भाच्याने मला गूगलचं सर्च कन्सोल उघडून दिलं. कोणत्या शब्दांवर आपलं पान लोकांसमोर आलं आणि त्यातल्या किती जणांनी ते उघडलं, हे तिथे फुकट दिसतं. माझ्या यादीत माझं स्वतःचं नाव सगळ्यात वर होतं. यापेक्षा वाईट प्रगतिपुस्तक लेखकाला काय मिळणार?

पण आपली अडचण इथेच संपत नाही. मराठीत मुसलमानांविषयी लिहिणाऱ्याला 'तो शब्द' नेमका कोणता हेच आधी ठरवता येत नाही. साधा 'मुस्लीम' घ्या. शुद्धलेखनाचे जे नियम १९६२ साली मान्य झाले, त्यांच्या वळणाने 'स्ली' दीर्घ. मीही तसंच लिहितो. पण हिंदीच्या सवयीने आणि मोबाइलच्या कीबोर्डने सुचवल्यामुळे असंख्य लोक 'मुस्लिम' टाइप करतात. 'कुराण' की 'कुरआन'? विनोबांनी निवडक आयतींचं संकलन केलं ते 'कुराण-सार'. मराठी वाचकाच्या कानावर अनेक पिढ्या कुराणच आहे. पण आपल्याकडची बहुतेक नवी धार्मिक प्रकाशनं 'कुरआन' छापतात, आणि काही जण तर 'कुराण' लिहिणाऱ्याला अडाणी समजतात. रमजान, रमझान, रमदान. मोहरम, मुहर्रम. बकरी ईद, बकरीद, ईद-उल-अजहा. पैगंबरांचं नाव महंमद, मुहम्मद, मोहम्मद, मोहंमद असं चार-पाच प्रकारे लिहिलं जातं, आणि त्याचा फटका श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांनाही बसतो. 'योगसंग्राम' लिहिणारा हा मराठी कवी एका वर्णलेखनाने शोधला तर मिळतो, दुसऱ्याने शोधला तर भलतेच शेख मोहम्मद समोर येतात. शिवाय निम्मे लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तो ताप वेगळाच.

शोधयंत्र आता पूर्वीपेक्षा शहाणं झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक ते पुष्कळदा ओळखतं, समानार्थी शब्दही ताडतं. तरी इंग्रजीत ज्या सफाईने ते हे करतं ती सफाई मराठीत मला अजून दिसलेली नाही. म्हणून मी आता एक गोष्ट करतो. शीर्षकात लोकांचा शब्द आणि आत एकदा माझा शब्द, दोन्ही एकाच वाक्यात बसवून. 'कुराण, म्हणजेच कुरआन' असं एकदा लिहायला काही लागत नाही. वाक्य थोडं अडखळतं. अडखळू दे.

या सगळ्यात पुण्याची एक गंमत आहे. संगणकाला मराठी लिहायला शिकवण्यात या शहराचा मोठा वाटा. सी-डॅक १९८८ साली इथे सुरू झालं, महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत घराघरात पोचलेलं श्रीलिपी हे सॉफ्टवेअरही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. माझे सुरुवातीच्या काळातले सगळे लेख श्रीलिपीत टाइप झाले. त्या जुन्या फाँटची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायची. कागदावर मराठी उमटायचं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडीच. त्यामुळे त्या काळातले दिवाळी अंक, नियतकालिकं, स्मरणिका आज कोणी तशाच पीडीएफ करून नेटवर ठेवल्या तरी शोधयंत्राला त्यात 'मुस्लीम' दिसत नाही, 'तलाक' दिसत नाही, काहीच दिसत नाही. माणूस वाचू शकतो, पण तिथवर पोचू शकत नाही. माझ्या कपाटात अशी एक सीडी आहे. सवड मिळेल तसा एकेक लेख युनिकोडमध्ये बदलतो आहे. रूपांतर करताना जोडाक्षरं तुटतात, रफार पळतो, सगळं हाताने दुरुस्त करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरं कोणी करणार नाही.

सीडीवरचा एक लेख दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शब्दांचंही वय होतं. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं मराठीत या विषयाचा शब्द 'तोंडी तलाक' हा होता. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०१९ ला कायदा झाला, आणि वाहिन्यांच्या तोंडी 'तीन तलाक', 'तिहेरी तलाक', 'ट्रिपल तलाक' बसलं. आज एखादी कॉलेजातली मुलगी 'तिहेरी तलाक इतिहास' असं शोधते तेव्हा तिची सुरुवात बहुतेक शायराबानो खटल्यापासून होते. त्याआधी पन्नास वर्षं याच राज्यात, याच भाषेत मुसलमान स्त्री-पुरुष या प्रश्नावर भांडत होते, मार खात होते, हे तिला सापडत नाही. ते 'तोंडी तलाक' या शब्दाच्या मागे राहिलं. कोणी मुद्दाम लपवलेलं नाही. शब्द बदलला आणि दार दुसरीकडे गेलं. मी त्या लेखाच्या वर दोन ओळींची टीप जोडली आणि नवा शब्द त्यात घातला. मूळ मजकूर तसाच ठेवला. जुन्या लेखातले शब्द मागे जाऊन बदलणं मला खोटेपणा वाटतो. टीप जोडणं चालतं.

आता फातिमा शेख. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात तिचा उल्लेख येतो. ज्या काळात बाईचं नाव कागदावर येणंच दुर्मीळ, तिथे पुण्याच्या एका मुसलमान बाईचं नाव आलं. ९ जानेवारी २०२२ ला गूगलने तिचं डूडल केलं आणि एका दिवसात शेकडो पानं उगवली. त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांची नक्कल केली. जन्मतारखेपासून दिनक्रमापर्यंत ज्याला कागदाचा आधार नाही असंही खुशाल लिहिलं, कारण त्या दिवशी तो शब्द 'चालत' होता. मग जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने ही बाई आपणच रचली होती असा दावा समाजमाध्यमावर केला, आणि पुन्हा तोच शब्द तापला. दोन्ही वेळा साधं, कागदाला धरून लिहिलेलं मराठी पान लोकांना हवं होतं. पत्रात काय आहे, काय नाही, परंपरेने काय सांगितलं जातं, एवढं सांगणारं. आमच्यातल्या किती जणांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं? मीही नाही. (आणि इतर दिवशी तिचं नाव टाइप केलं तर अभिनेत्री फातिमा सना शेख पुढे येते, तिचा बिचारीचा काय दोष!)

अशा रिकाम्या शब्दाला अभ्यासकांनी नाव दिलं आहे. मायकेल गोलेबिएव्स्की आणि डॅना बॉइड यांनी २०१८ साली 'डेटा व्हॉइड' ही संज्ञा मांडली. ज्या शब्दावर चांगला मजकूर फारसा नाही, ती जागा ज्याला हवी तो बळकावतो. याची किंमत काय असू शकते ते अमेरिकेत दिसलं. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घालणाऱ्या तरुणाने स्वतःच लिहून ठेवलं होतं, की कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांवर केलेल्या गुन्ह्यांबद्दलचे शब्द त्याने गूगलवर टाकले आणि समोर आलेल्या वर्णद्वेषी संघटनेच्या पानाने त्याची दिशा ठरली. त्याने प्रश्न द्वेषाच्या शब्दांत विचारला होता. त्या शब्दांवर उत्तर द्यायला फक्त द्वेषवालेच हजर होते.

आपल्याकडे मुठेच्या काठावर थोरला आणि धाकटा शेख सल्ला असे दोन दर्गे आहेत. मार्च २०२४ मध्ये धाकट्या दर्ग्याच्या बांधकामावरून शहरात तणाव झाला, हे पुणेकरांना आठवत असेल. ही जागा कोणी 'शेख सल्ला' म्हणून शोधतो, कोणी 'पुण्येश्वर' म्हणून. शब्द वेगळा असला की समोर येणारा इतिहास वेगळा, त्यातले पुरावे वेगळे, संतापही वेगळा. एका शब्दाने शोधणाऱ्याची दुसऱ्याच्या कागदपत्रांशी भेट होतच नाही. आणि दोघांना मनापासून वाटतं, मी नीट शोधलं, मला सगळं मिळालं. माझं मत असं की या विषयावर लिहिणाऱ्याने, तो कोणत्याही बाजूचा असो, दोन्ही नावं पहिल्या परिच्छेदात घ्यावीत. आपल्यातल्या काहींना हे पटत नाही. दुसऱ्याचं नाव लिहिणं म्हणजे त्याचा दावा मान्य करणं, असं त्यांना वाटतं. मला वाटतं, नाव लिहिणं म्हणजे फक्त त्या नावाने येणाऱ्यासाठी दार उघडं ठेवणं.

त्या मानाने खेड शिवापूरचं सोपं आहे. सातारा रस्त्यावरच्या कमर अली दरवेश यांच्या दर्ग्याला लोक त्यांच्या नावाने कमी आणि 'बोटावर उचलणारा दगड' म्हणून जास्त शोधतात. अकरा जणांनी एकेक बोट लावून उचलायचा तो दगड. दगडासाठी आलेल्याला दरवेशाविषयी चार ओळी वाचायला लावता आल्या तर बिघडलं काय?

हे सगळं कळल्यावर मी उत्साहात एका एजन्सीच्या माणसालाही भेटलो. त्याने महिन्याचा दर सांगितला आणि प्रत्येक लेखात ठरलेला शब्द दर शंभर शब्दांमागे तीनदा आला पाहिजे असं बजावलं. पानाच्या पोटात, वाचकाला दिसणार नाहीत असे कीवर्ड भरून देण्याचे वेगळे पैसे. भाचा हे ऐकून वैतागला. कीवर्डच्या त्या अदृश्य यादीकडे आपण क्रम लावताना बघतच नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलं होतं. आणि 'रमजान ईद हा सण रमजान ईदच्या दिवशी रमजान ईद म्हणून' अशी वाक्यं लिहून वर राहण्याचे दिवसही गेले. तसं लिहिलं तर यंत्र खाली ढकलतं. वाचक त्याआधीच पळालेला असतो. मी चहाचे पैसे देऊन निघालो.

आता राहिला तो प्रश्न ज्यावर माझा आणि माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा वाद अजून चालू आहे. ते म्हणतात, "बाजारात कोणता शब्द खपतो ते बघून लिहायचं, तर मग लेखक कशाला, दुकानच टाका." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः काही शब्दांच्या बाबतीत. विशेष विवाह कायद्यावर मी एक लेख लिहिला होता. १९५४ चा हा कायदा काय सांगतो, तीस दिवसांच्या नोटिशीचा जोडप्यांना कसा त्रास होतो, वगैरे. भाच्याने यादी काढून दाखवली. 'विशेष विवाह कायदा' शोधणारे थोडे. 'लव्ह जिहाद कायदा' शोधणारे त्याच्या कितीतरी पट. "शीर्षकात घाला मामू, बघा काय होतं ते."

मी घातला नाही. तो शब्द कोणी, कशासाठी बनवला हे मला माहीत आहे, आणि माझ्या नावाखाली तो मथळा म्हणून झळकावा हे मला सहन होणार नव्हतं. पण लेखाच्या आत, एका उपशीर्षकात, प्रश्न म्हणून घातला: 'लव्ह जिहाद म्हणून जे सांगितलं जातं त्याचं कायद्यात काय?' खाली सरळ उत्तर दिलं. स्नेह्यांच्या मते ही पळवाट आहे, शब्द वापरायचा नसेल तर कुठेच वापरू नये. भाच्याच्या मते हा अर्धवटपणा आहे, घालायचा तर वर घाला. दोघेही थोडे थोडे बरोबर असतील. पुढच्या आठवड्यांत त्या लेखाखाली शिव्या वाढल्या हे खरं. पण त्या शिव्यांच्या मधे एका बाईंनी मुलीच्या लग्नाच्या नोटिशीबद्दल तीन नेमके प्रश्न विचारले होते, आणि आपण इथवर कोणत्या शब्दाने आलो हेही सांगितलं होतं. तो माझा शब्द नव्हता.

ईदवर मी एक नवा लेख लिहिला आहे. शीर्षक: 'रमजान ईद म्हणजे काय? निबंधासाठी माहिती'. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत रुक्ष शीर्षक. पंधरा ओळी, सोपी वाक्यं, बकरी ईद वेगळी कशी हे तिसऱ्याच ओळीत. खाली 'उंबऱ्यावरचा चांद' वाचायला दुवा दिला आहे, आणि दुव्यावर 'इथे वाचा' न लिहिता 'आमच्या घरची रमजान ईद' असं लिहिलं आहे, तेही भाच्याच्याच सांगण्यावरून. अजून पहिल्या पानावर आलेला नाही. दुसऱ्यावर अधूनमधून दिसतो.

तुम्ही या लेखापर्यंत काय टाइप करून आलात, ते खाली लिहा. मराठीत असो की इंग्रजी अक्षरांत, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट, आहे तसंच.